पंपवाल्याचं काम फ्लँजपर्यंत, पाइपवाल्याचं फ्लँजपासून

७ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. दिवाळीला आलेले चाकरमानी अजून मुंबईला परतले नव्हते, घरोघरी माणसं दुप्पट. सकाळी साडेदहाला पाणीवाल्या काकांचा फोन आला. "वहिनी, टक करून आवाज इलो आणि व्हॉल्व्हाचो कान तुटलो."

आमचं गाव देवगड आणि मालवणच्या मधल्या किनारपट्टीवर. १८६ घरं. नदीकाठच्या विहिरीवर साडेसात हॉर्सपॉवरचा पंप, तिथून ६४० मीटर लांबीची ११० मिलिमीटर व्यासाची एचडीपीई, म्हणजे काळ्या प्लास्टिकची, पाइपलाइन, आणि वर सड्यावर ४० हजार लिटरची टाकी. विहिरीपासून टाकीची उंची ६२ मीटर, म्हणजे पंप बंद असतानासुद्धा खालच्या जोडावर चौरस सेंटिमीटरला सहा किलोच्या वर दाब. हे आकडे मला तेव्हा ठाऊक नव्हते. पाणी समितीत निम्म्या बायका लागतात म्हणून २०२२ मध्ये माझं नाव घातलं गेलं आणि तोवर मी फक्त पाणीपट्टीचा हिशोब ठेवत होते. त्या दिवशी समितीचे अध्यक्ष आजारी, ग्रामसेवक निवडणुकीच्या प्रशिक्षणाला. (पदाचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात.) मग पंपघराकडे मी गेले.

पुढचे चार महिने जे झालं ते इथे तारीखवार लिहिते आहे. बीड (ओतीव लोखंड), स्टेनलेस, जस्ताचा पाइप आणि प्लास्टिक एकमेकांना जोडायची वेळ लहान गावांवर नेहमी येते, आणि तेव्हा नेमकं काय विचारायचं ते कुणी सांगत नाही.

पंपघरात काय होतं ते आधी सांगते. पंपातून जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी, म्हणजे जीआय पाइप बाहेर येतो. त्याला फ्लँजने, म्हणजे टोकाच्या भोकं पाडलेल्या चकत्या बोल्टांनी आवळून, जोडलेला एक मीटरचा स्टेनलेस स्टीलचा तुकडा. त्यापुढे पाणी उलटं येऊ न देणारा बिडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, त्याला लागून पाणी बंद-चालू करायचा बिडाचा स्लूस व्हॉल्व्ह, आणि मग एचडीपीई. पाच-सहा फुटांत चार वेगळे पदार्थ. स्टेनलेसचा तुकडा मूळ योजनेत नव्हता. आधीचा जीआय तुकडा खाऱ्या वाऱ्याने खाल्ला म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये एका ठेकेदाराने तो बसवून दिला होता. "आता आयुष्यभर गंज नाही," असं तो म्हणाला होता, आणि समितीने खुशीने पैसे दिले होते. त्या बैठकीला मीही होते.

स्टेनलेस खरंच गंजलं नाही. चौदा महिन्यांत त्याच्या शेजारचा जीआय फ्लँज मात्र असा झाला होता की नखाने पापुद्रे निघत होते. बोल्टांचे आटे दिसत नव्हते. आणि ज्याचा कान तुटला तो जोड दुसऱ्याच टोकाला होता, स्लूस व्हॉल्व्ह आणि एचडीपीईच्या मध्ये. पावसाळ्यापासून तिथे बारीक गळती होती. ठेकेदाराच्या माणसाने पान्याला दोन फुटी पाइप लावून बोल्ट आवळला, आणि बिडाच्या फ्लँजचा भोकाजवळचा तुकडाच निघाला.

मी पंपाच्या ठेकेदाराला फोन केला. तो म्हणाला, आमचं काम फ्लँजपर्यंत. पाइपच्या ठेकेदाराला केला. तो म्हणाला, आमचं काम फ्लँजपासून. दोघेही करारनाम्याला धरून बोलत होते. संध्याकाळी घरी येऊन मी जुनं अंदाजपत्रक काढलं. त्यात पंप होता, पाइप मीटरवर होता, व्हॉल्व्ह नगावर होते. जोड कुठेच नव्हता. शेवटी "इतर किरकोळ" म्हणून एक ओळ होती.

तात्पुरतं म्हणून तुटका व्हॉल्व्ह काढून त्या जागी जुना फ्लँजचा तुकडा घातला, गळती फडक्याने बांधली आणि एक दिवसाआड पाणी सुरू केलं. खालच्या वाडीतली एक आजी, पंचाहत्तरीची, पुन्हा विहिरीवरून कळशी आणायला लागली. तिने मला काही म्हटलं नाही. रोज माझ्या दारावरूनच जायची.

८ नोव्हेंबरला अर्ज केला. विधानसभेची आचारसंहिता चालू होती. दुरुस्तीला तिची अडचण नव्हती, पण कार्यालयातली माणसं निवडणुकीच्या कामावर होती. २० तारखेचं मतदान, २३ ची मोजणी, ते सगळं आटोपून शाखा अभियंता मॅडम आमच्याकडे आल्या ३ डिसेंबरला. एक सल्ला देते : अर्जाची पोच घ्या, तिच्यावर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या. आमचा पहिला अर्ज सापडेना तेव्हा त्या क्रमांकामुळेच दोन आठवडे वाचले.

मॅडमनी पंपघरात तासभर काढला. त्यांनी आधी काकांना विचारलं, गळती केव्हा जास्त असते. काका म्हणाले, "सकाळी येवन बघा, तेव्हा जास्त गळता. दुपारी आपसूक बंद होता." हे काका पावसाळ्यापासून सांगत होते आणि आम्ही ऐकून सोडून देत होतो. मॅडम बाहेर गेल्या. पंपघरापासून साठेक मीटर पाइप कातळावरून उघडाच गेला आहे, कारण जांभा फोडायचा खर्च वाचवला होता. त्या म्हणाल्या, उत्तर इथे आहे. एचडीपीई एका अंशाला मीटरमागे साधारण ०.२ मिलिमीटर वाढतो किंवा आखडतो, लोखंडाच्या पंधरापट. दुपारचं ऊन आणि पहाटेचा गारवा यात त्या काळ्या पाइपाचा वीस अंशांचा फरक धरला, तरी साठ मीटरला चोवीस सेंटिमीटर. मोकळा पाइप नागमोडी होऊन त्यातलं बरंचसं सामावून घेतो, उरलेली ओढ पंपघरातल्या जोडावर येते. रोज पहाटे तो पाइप जोड ओढत होता आणि रोज दुपारी सोडत होता. माणूस मात्र दर वेळी बोल्टच आवळत होता.

मग तुटलेल्या फ्लँजबद्दल. बीड दाबाखाली भक्कम असतं, वाकवायला गेलं की तडकतं. बिडाच्या व्हॉल्व्हचा फ्लँज सपाट असतो आणि त्याला पूर्ण तोंडभर टेकणारी जोडी लागते. एचडीपीईच्या टोकाला स्टब एंड म्हणून कॉलर असते आणि तिच्या मागे लोखंडी रिंग. कॉलर बोल्टांच्या आतच संपते, त्यामुळे बोल्टांच्या जागी दोन्ही लोखंडांमध्ये बोटभर पोकळी राहते. बोल्ट जास्त आवळला की फ्लँज त्या पोकळीकडे वाकायला बघतो. पोलाद वाकतं, बीड फुटतं. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या तोंडाशीही तोच धोका होता, कारण स्टेनलेसच्या तुकड्याचा फ्लँज उठावदार होता, मधला भाग दीड मिलिमीटर वर आलेला. दीड मिलिमीटर म्हणजे काय ते मला तोवर कधी कळलं नव्हतं.

आणि तिसरी गोष्ट, शेजारच्या जीआय फ्लँजचा गंज. हे मला तोंडी पटेना. मॅडमनी घरी करून बघायला सांगितलं. पेल्यात खाडीचं पाणी, त्यात जस्ताचा मुलामा दिलेला खिळा आणि स्टेनलेसचा चमचा, एकमेकांना न लागता. कणकवलीहून ३५० रुपयांचा मल्टीमीटर आणला होता, त्याची एक तार खिळ्याला, दुसरी चमच्याला. अर्ध्या व्होल्टहून जास्त दाखवलं. स्वयंपाकघरात बारावीतला मुलगा आणि मी दोघं त्या आकड्याकडे बघत राहिलो. दोन वेगळे धातू, त्यांना जोडणारं खारं ओलं काही, आणि दोघांची थेट गाठ, एवढं जमलं की बॅटरी तयार. त्यात एका धातूचा घास जातो, आणि घास जाणारा कोण ते ठरलेलं असतं : आधी जस्त, मग लोखंड आणि बीड, स्टेनलेस सर्वांत शेवटी. आम्ही चौदा महिने पंपघरात बॅटरी लावून ठेवली होती आणि ती आमच्या पाइपावर चालत होती.

या तीनपैकी एक गोष्ट काढली की हे थांबतं. ओलावा थांबवणं किनाऱ्यावर अशक्य. धातू बदलणं, म्हणजे स्टेनलेस काढून पुन्हा जीआय घालणं, हा सरळ मार्ग होता, आणि नव्याने काम करणाऱ्यांना मी तोच सांगेन : शक्य तिथे एकाच जातीचा धातू ठेवा. आमचा तुकडा धडधाकट होता, वर्षापूर्वीच त्याचे पैसे दिले होते. म्हणून तिसरा मार्ग घेतला, थेट गाठ तोडायची. त्यासाठी इन्सुलेटिंग किट मिळतं : फ्लँजच्या मध्ये वीज न जाऊ देणारं गॅस्केट, प्रत्येक बोल्टाला प्लास्टिकची बारीक नळी, आणि नटाखाली इन्सुलेटिंग वायसर, त्यावर लोखंडी वायसर. नुसतं रबराचं गॅस्केट घालून चालत नाही. बोल्ट दोन्ही फ्लँजना शिवतोच, गाठ तिथून कायम राहते. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण "मध्ये रबर आहे की" असं मला तीन अनुभवी माणसांनी सांगितलं.

मॅडमनी अंदाजपत्रक केलं आणि अडकलो ते इथे. किट सरकारी दरसूचीत नव्हतं. दरसूचीत नसलेल्या वस्तूला दरपृथक्करण, म्हणजे दर कसा ठरवला त्याचा तपशील लागतो, त्यासाठी तीन दरपत्रकं. जिल्ह्यात एकाही दुकानात किट नव्हतं. मुंबईला नागदेवी स्ट्रीटवरच्या तीन दुकानांकडून माझ्या चुलत दिरांनी लेटरहेडवर दरपत्रकं घेतली. पहिल्या खेपेला दोघांनी जीएसटी क्रमांक घातला नव्हता, ती परत आली. दुसऱ्या खेपेला वस्तूचं वर्णन तिन्हींवर वेगळं होतं, तीही परत. मग मी एकाच कागदावर वर्णन लिहून तिघांना पाठवलं : "१०० मिमी व्यास, ८ बोल्ट, पूर्ण तोंडाचं गॅस्केट, नळ्या ८, इन्सुलेटिंग वायसर १६, लोखंडी वायसर १६." तुमच्यावर वेळ आली तर वर्णन तुम्हीच लिहून द्या. यात १० डिसेंबर ते ८ जानेवारी गेले. या महिन्यात मला रात्री झोप येत नसे. सही माझी होती आणि उद्या पुन्हा कान तुटला तर गाव मला विचारणार होतं.

निधी पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित भागातला, पेयजलासाठी राखलेला. पण हे काम त्या वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात नव्हतं. आराखड्यात बदल करायचा म्हणजे ग्रामसभा. ती २६ जानेवारीला होतीच. ठराव वाचल्यावर एक ज्येष्ठ उठले, "एका रबराक दीड हजार रुपये?" मी तुटलेला बिडाचा तुकडा पिशवीतून नेला होता, तो आणि सोललेला जीआय बोल्ट टेबलावर ठेवला. खिळा-चमच्याचा प्रयोग मुलाने तिथेच करून दाखवला. आकडा वाचायला माणसं पुढे आली. सूचक म्हणून त्याच ज्येष्ठांनी नाव दिलं. सभेला गणसंख्या भरेल अशी खात्री नव्हती, म्हणून महिला बचत गटाच्या दोन्ही बैठकांत आधी सांगून ठेवलं होतं. त्याचा उपयोग झाला.

४ फेब्रुवारीला तांत्रिक मान्यता, ६ तारखेला कार्यारंभ आदेश. काम दिलं कुडाळच्या एका फिटरला. त्याने आधी कोल्हापूरकडच्या कारखान्यांत काम केलं होतं आणि बीड हातात घेताना तो दोन्ही हातांनी घ्यायचा, ते बघून मला धीर आला.

व्हॉल्व्ह साध्या बिडाचा न घेता एसजी आयर्नचा घेतला, ९,४०० रुपये. तो बिडासारखा ठिसूळ नसतो, थोडं वाकणं सोसतो, त्यामुळे स्टब एंडसमोर तोच बरा. स्वस्त पडेल म्हणून बटरफ्लाय व्हॉल्व्ह घ्या असं एकाने सुचवलं होतं. त्याची चकती उघडताना पुढच्या पाइपात शिरते आणि एचडीपीईची भिंत जाड असल्याने आतल्या कडेला अडते. हे फिटरनेच सांगितलं.

किट आणलं आंगणेवाडीच्या जत्रेला आलेल्या त्याच चुलत दिरांनी. जत्रेची तारीख पंचांगात नसते, जाहीर होईपर्यंत वाट बघावी लागते, आणि त्या वर्षी देवीची वाट बघताना मी किटचीही वाट बघत होते. दोन किटचे २,९०० रुपये. दिरांनी ते साडीच्या खोक्यात घालून रेल्वेने कणकवलीपर्यंत आणलं.

स्टेनलेसचा तुकडा कुडाळच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर नेऊन एका बाजूचं उठावदार तोंड सपाट करून घेतलं. ६५० रुपये, चाळीस मिनिटं. तो तुकडा नेण्या-आणण्याच्या दिवशी पंप बंद ठेवावा लागला, त्याची सूचना दोन दिवस आधी फळ्यावर लिहिली.

आणि मग २७ फेब्रुवारीला कोल्हापूरहून फोंडा घाटातून एसटीच्या पार्सलने स्टब एंडमागची लोखंडी रिंग आली ती चुकीची. चार इंची मागितली, चार इंची आली, भोकं आठच. बसवायला गेलो तर एकही बोल्ट आत जाईना. व्हॉल्व्हच्या भोकांचं वर्तुळ १८० मिलिमीटर व्यासाचं, रिंगचं १९०.५. आमचा व्हॉल्व्ह पीएन या युरोपीय मापाचा होता, रिंग अमेरिकन दीडशे क्लासची. जुन्या ब्रिटिश टेबल डी मापाच्या चार इंची फ्लँजला तर चारच भोकं असतात. म्हणजे "चार इंची फ्लँज" हे माप अपुरं आहे. गॅसने भोकं लांबट करून देतो असं एकाने म्हटलं, फिटरने नकार दिला आणि मी त्याच्या बाजूने उभी राहिले. रिंग परत, नवी यायला ११ दिवस, येण्याजाण्याचे ५४० रुपये वर.

दुकानात सांगायच्या गोष्टी म्हणून हे लिहून ठेवा : फ्लँजचा बाहेरचा व्यास, भोकं किती, भोकाचा व्यास, भोकांच्या वर्तुळाचा व्यास, आणि तोंड सपाट की उठावदार. वर्तुळाचा व्यास मोजायला एका भोकाच्या डाव्या कडेपासून बरोबर समोरच्या भोकाच्या डाव्या कडेपर्यंत टेप धरा. मध्य शोधत बसू नका. शक्य असेल तर जुन्या फ्लँजवर पुठ्ठा ठेवून भोकं उमटवा आणि तो पुठ्ठाच पाठवा. दुसऱ्या वेळी मी पुठ्ठा पाठवला.

त्या ११ दिवसांत दुसरं काम उरकलं. पंपघराबाहेर पाइपाला जाड कॉलर वेल्ड करून ती काँक्रीटच्या ठोकळ्यात गाडली, म्हणजे पाइपाची ओढ ठोकळ्यावर येऊन थांबेल, फ्लँजपर्यंत पोचणार नाही. उघड्या साठ मीटरवर माती आणि जांभ्याचे चिरे टाकून सावली केली. ठोकळ्याला ६,८००, मातीकामाला ९,०००. जोड वाचवण्यासाठी जोडापासून दूर एवढा खर्च होईल असं मला वाटलं नव्हतं, पण हा खर्च टाळला असता तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं.

११ मार्च, मंगळवार. होळी गुरुवारी होती, घरं भरायला लागली होती, त्यामुळे दोन दिवसांत पाणी सुरू व्हायलाच हवं होतं. पहाटे पाचला सुरुवात केली, पाइप गार असताना, म्हणजे तो जास्तीत जास्त आखडलेला असताना जोडला जाईल. स्टब एंडचं वेल्डिंग आदल्या दिवशी झालं होतं. गरम तव्याला दोन्ही तोंडं टेकवायची, तवा दोनशेवीस अंशांच्या आसपास, मग तवा काढून तोंडाला तोंड दाबून धरायचं आणि थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. वेल्डिंगवाल्याने घड्याळ लावलं होतं. जो घड्याळ लावत नाही त्याला काम देऊ नका.

इन्सुलेटिंग किट बसवताना सगळ्यात जास्त वेळ गेला. भोक १८ चं, बोल्ट १६ चा, मधली नळी एक मिलिमीटरलाही कमी जाडीची. दोन फ्लँजची भोकं केसभर जरी सरकली तरी बोल्ट ठोकताना नळी कापली जाते. फिटरने आधी दोन जाड सळ्या समोरासमोरच्या भोकांत घालून फ्लँज सरळ केले, मग बोल्ट हाताने सरकवले. हातोडी वापरायची नाही असं त्याने मला दाखवून सांगितलं. बोल्ट समोरासमोर आवळायचे : एक, मग त्याच्या समोरचा, मग काटकोनातला. शेजारी-शेजारी कधीच नाही. टॉर्क पाना, म्हणजे किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना, कणकवलीच्या एका ट्रक गॅरेजवाल्याने दिवसभरासाठी दिला, भाडं घेतलं नाही. स्टब एंडसाठी उत्पादकाच्या पत्रकात ४० न्यूटन-मीटर होतं. ते १०, २०, ३०, ४० असं चार फेऱ्यांत गाठलं. दोन फुटी पाइप पंपघराच्या बाहेर ठेवला होता.

पाणी सोडण्याआधी मल्टीमीटर, या वेळी विजेला होणारा अडथळा मोजायला. हे कोरड्यातच करावं लागतं, कारण पाइपात पाणी आलं की पाण्यातूनच वीज जाते, आकडा खाली येतो आणि काही कळत नाही. एक तार जीआय फ्लँजला, दुसरी स्टेनलेसला. आकडा शून्याजवळ, म्हणजे मधून वीज बिनअडथळा जात होती. माझे हातपाय गार पडले. चार महिने, आणि गाठ तशीच. फिटरने एकेक बोल्ट तपासला. एका बोल्टाची नळी चिरली होती, ती बदलली. किटमध्ये जादा नळी नव्हती, पण दिरांनी दोन सुट्या मागून घेतल्या होत्या. तुम्हीही मागा. पुन्हा मोजलं, पुन्हा शून्याजवळ.

तासभर शोधल्यावर काकांनी बोट दाखवलं. पंपाच्या अर्थिंगची पट्टी कुणीतरी पुढे नेऊन स्टेनलेसच्या तुकड्याच्या लोखंडी टेकूलाही बांधली होती. फ्लँजवर तोडलेली गाठ पट्टीतून फिरून पुन्हा जुळत होती. याला हात लावायला आम्ही परवानाधारक वायरमनला बोलावलं, मेन स्विच काढून. मोटरीची दोन्ही स्वतंत्र अर्थिंग त्याने तपासून जशीच्या तशी ठेवली, फक्त टेकूकडे गेलेला फाटा काढला आणि टेकूच्या पट्ट्याखाली जाड रबर घातलं. अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे, पाइप वाचवायला मोटरीची अर्थिंग कुणीही सोडवू नये, हे मी ठळकपणे सांगते. तिसऱ्यांदा मोजलं. दोन्ही जोडांवर मीटरने आकडाच दाखवला नाही, मोजमापाच्या पलीकडे गेला. दुपारचे अडीच वाजले होते. कुणी जेवलं नव्हतं.

संध्याकाळी हाताच्या टेस्ट पंपाने ९.३ किलोचा दाब दिला, टाकीच्या उंचीमुळे येणाऱ्या दाबाच्या दीडपट. दहा मिनिटांत काटा उतरायला लागला. मी जोडांवरून कोरडा कागद फिरवत होते, कागद कोरडाच. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, एचडीपीई दाबाखाली थोडा फुगतो, पुन्हा दाब भरा आणि थांबा. दोनदा भरल्यावर काटा स्थिरावला आणि तासभर तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशी १२ तारखेला सकाळी फिटर पुन्हा आला. प्लास्टिक दाबाखाली हळूहळू बसतं आणि बोल्ट सैल पडतात, म्हणून एका दिवसाने पुन्हा आवळणं हा कामाचाच भाग आहे. आठही बोल्टांनी जवळजवळ पाव फेरा घेतला. ही दुसरी खेप आधी ठरवली नाही तर कुणी येत नाही. आम्ही ती कार्यारंभ आदेशात लिहून घेतली होती. मग बोल्टांना पेट्रोलेटमची चिकट पट्टी गुंडाळली, खाऱ्या वाऱ्यापासून. बोल्ट मुद्दाम जस्ताचा जाड मुलामा दिलेले घेतले, स्टेनलेसचे नाही. साडेनऊला टाकीत पाणी पडायला लागलं. होळीच्या दिवशी सगळ्या वाड्यांना पाणी होतं.

देयक करसहित ३७,५२० रुपयांचं झालं. मोजमाप पुस्तिकेत नोंद करताना अडचण आली, जोड कोणत्या परिमाणात मोजायचा. मॅडमनी "नग" लिहिलं : "वेगवेगळ्या पदार्थांच्या फ्लँजचे जोड, किटसह, ३ नग." ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या लागतात. सरपंचांच्या सहीची मुदत संपली होती, नवी यायला तीन आठवडे गेले, त्यात मार्चअखेर उलटला. फिटरला पैसे मिळाले २२ एप्रिलला. त्याने एकदाही फोन करून तगादा लावला नाही, आणि त्यामुळेच मला जास्त वाईट वाटलं. सहीची मुदत काम सुरू करण्याआधी तपासून घ्या.

पंपाच्या नोंदवहीत काकांनी आपण होऊन एक नवा रकाना आखला आहे. पंप चालू, पंप बंद, मीटर रीडिंग, आणि त्यापुढे "जोड". रोज पहाटे साडेपाचला, पाइप सगळ्यात आखडलेला असताना, ते जोडांखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवतात आणि रकान्यात लिहितात. नंतर मी पानं उलटून बघितली. १३ मार्चपासून एकच शब्द होता, कोरडो. मल्टीमीटरने पुढची तपासणी २५ मे २०२५ला ठरवली होती, पाऊस लागायच्या आत. पंप बंद करून, पाइप रिकामा करून.